पाचवी कवळ

फाल्गुन लागला की दुपारच्या वेळी आमच्या परभणीच्या घराच्या गच्चीवर एक वास येतो. शहराच्या कडेला अजून थोडी रानं शिल्लक आहेत, तिकडून येत असावा. कापूस वेचून झालेल्या, उन्हानं करकरीत वाळलेल्या पऱ्हाट्यांचा वास. थोडा मातीचा, थोडा धुराचा, आणि मधेच जुन्या गादीतल्या सरकीचा. आमचे हे म्हणतात, वाळलेल्या काड्यांना कसला आलाय वास, तुझं आपलं काहीतरीच. त्यांचा जन्म कचेरीत गेला, त्यांना शाईचा वास कळतो. मी पापड वाळत घालता घालता थांबते आणि तशीच उभी राहते.

यंदाही तशीच उभी होते. यांनी जिन्यातून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. कवळ आठवली."

"कवळी? तुला कशाला लागते कवळी? दात तर शाबूत आहेत की."

आता यांना काय सांगायचं. कवळी दातांची असते, कवळ हातांची. दोन्ही हात पसरायचे, समोरचा ढीग छातीशी धरायचा, आणि पलीकडं बोटाला बोट भिडेल एवढं जे हातांत मावतं ती कवळ. गवताची, कडब्याची, पऱ्हाट्यांची. लेकरालाही आपण कवळतोच की. शहरात हा शब्द आता कुणाच्या तोंडी राहिला नाही. पण आमच्या गावात एका फाल्गुनात या एका शब्दावर अख्ख्या रानाचा हिशेब फिरला होता, आणि मी तो डोळ्यांनी बघितला होता, कडुनिंबाखाली बाजेवर बसून, पोटावर हात ठेवून.

"लोखंडाची होती," एवढंच मी म्हणाले. हे हसायला लागले. हसू देत.

तेव्हा मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आमचं गाव बोरीच्या अलीकडं, जरा आडवळणाला. दिवस भरत आलेले. घरात उकडायचं म्हणून आई सकाळीच मला बरोबर रानात न्यायची, कडुनिंबाखाली बाज टाकायची आणि बजावायची, "कामाला हात लावलास तर बघ." मग काय, हात लावायचा नाही, वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. नुसतं बघायचं. आयुष्यात पुन्हा कधी मला नुसतं बघायला मिळालं नाही, म्हणूनच बहुतेक ते दिवस असे चिकटून बसलेत.

पोटातलं लेकरू कूस बदलायचं आणि मला झोप यायची. झोप म्हणजे तरी कसली, अर्धी झोप. त्यात वारा ऐकू यायचा. पऱ्हाट्यांवर रिकाम्या बोंडांची टरफलं राहिलेली असतात, वारा सुटला की ती एकमेकांवर घासून खुळखुळतात. सगळं रान खुळखुळायचं. ओढ्याच्या कडेला पळस फुलला होता. डोळे किलकिले केले की त्याचा लाल रंग पाण्यात सांडल्यागत हलायचा, मिटले तरी पापणीच्या आत राहायचा. कधी वाटायचं मी माहेरी आहे, कधी वाटायचं मीच आईच्या पोटात आहे आणि बाहेर कुणीतरी खुळखुळा वाजवतंय.

आणि त्या अर्ध्या झोपेतून बायांची रांग जायची. डोक्यावर पऱ्हाट्यांचे भारे. भारे एवढे रुंद की खाली बाई आहे हे पाय बघूनच कळायचं. रांगेत सगळ्यात पुढं गोदामाय आणि सगळ्यात मागं माझी आई.

गोदामाय वस्तीतली. आमच्याकडं 'वस्ती' म्हटलं की कुठली हे सांगावं लागत नसे. ओढ्यापलीकडची, आता नवी निळी कमान झालीय तिकडची. ती आणि माझी आई एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या. एकीच्या दारापुढं दुसरीनं कधी पाणी प्यालं नाही, पण रानात दोघी एकाच झाडाच्या सावलीला भाकरी सोडायच्या, थोड्या अंतरानं. त्या अंतराचं मला लहानपणी काही वाटलं नव्हतं. चंद्र लांब असतो याचं कुठं काही वाटतं आपल्याला?

पऱ्हाट्या वाहायची एक रीत होती. चिमट्यानं पऱ्हाटी उपटायची, वाळू द्यायची, मग बायांनी कवळा करून त्या मालकाच्या अंगणात नेऊन टाकायच्या. चार कवळा मालकाच्या, पाचवी उचलणारीची. पैशाचं नाव नाही. त्या पाचव्या कवळीवर वस्तीतल्या चुली पावसाळाभर पेटायच्या. लाकूड विकत घ्यायची ऐपत कुणाची होती? पाऊस लागला की बाभळीचं ओलं लाकूड नुसतं धुपतं, डोळ्यांतून पाणी काढतं. पऱ्हाटी मात्र काडी दाखवायचा अवकाश, भडकते. बाळंतिणीचं पाणी तापवायला तर तिच्यासारखं जळण नाही.

त्या वर्षी हे पाणी दोन घरांत तापायचं होतं. गोदामायची लेक शांताही पहिलटकरीण होती, माझ्यासारखीच माहेरी आलेली. गोदामाय जाता-येता माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "शकू, तुजं पोट वर हाय, तुला ल्योक हुतंय. शांतीचं खाली उतरलंय." मग भारा सावरत स्वतःशीच म्हणायची, "लेक झाली तरी पानी तर ऊनच लागतंय की."

आता आबांचं सांगायला पाहिजे, म्हणजे माझ्या वडलांचं. आबा दिलाचे वाईट नव्हते, पण तोंडाचे फटकळ आणि हट्टाचे पक्के. एकदा बोलले की बोलले. गावात म्हणत, आबाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आई म्हणायची, दगड बी तेच आन रेघ बी तेच. त्यांनी आदल्या दिवाळीत सेलूहून एक जुना लहान ट्रॅक्टर आणला होता. लाल रंगाचा, एक डोळा फुटलेला. त्याच्या मागं लिफ्टचे दोन लोखंडी हात होते, नांगर उचलायला. नांगरट झाली की ते हात रिकामे लोंबकळत राहायचे, आणि आबांना रिकामं लोंबकळलेलं काही बघवत नसे.

त्यातच त्या फाल्गुनात, रानातलं वाहणं निम्म्यावर असताना, आईची मान धरली. जन्मभर भारे वाहून वाहून एका बाजूला वळेनाशी झाली. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यावर ओझं बंद. आई घरी येऊन म्हणाली, "त्याला म्हणावं, मग डोकं कशाला ठिवलंय?" पण आबा ते मनावर घेऊन बसले. दोन दिवस ट्रॅक्टरभोवती फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "पराट्या ट्रॅक्टर उचलंल."

गोठ्यामागं आजोबांच्या वेळची बैलगाडी मोडून पडली होती. चाकांचे आरे कुजलेले, मधला तुंबा फुटलेला, पण चाकांच्या लोखंडी धावा शाबूत. धाव म्हणजे चाकावर चढवलेला लोखंडी पट्टा. गाडी मेली तरी धाव मरत नाही. आबांनी त्या धावा आणि दोन चाकांमधला लोखंडी आस ट्रॅक्टरला बांधला आणि बोरीला नूर मिस्तरीच्या दुकानात नेऊन टाकला. धावेचे तुकडे पाडायचे, आसाला एका ओळीत जोडायचे, आणि ते सगळं लिफ्टच्या हातांना अडकवायचं. काय करायचं म्हणून नूर मिस्तरीनं विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "मोठं दाताळं कर." दात असलेल्या अवजाराला आणखी काय म्हणणार? आमच्याकडं दाताळंच म्हणतात.

ही बातमी वस्तीत पोचायला किती वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाय आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. हातात भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ. आबा ओट्यावर दात घासत होते.

"आबा, पराट्या ट्रॅक्टर नेणार म्हणं यंदा."

इथं एक सांगते. आधी ती आबांना 'मालक' म्हणायची. विद्यापीठाच्या नावावरून ते साल पेटलं, तेव्हापासून तिनं 'मालक' म्हणणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही; एक दिवस नुसतं 'आबा' म्हणाली आणि पुढं तेच म्हणत राहिली. आबांना ते खुपत होतं की आवडत होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या सालात शेजारच्या गावी वस्तीतली घरं जळाली होती. आमच्या गावात जळाली नाहीत, हे आमचे लोक मोठ्या अभिमानानं सांगायचे. जळाली नाहीत, पण वस्तीकडं जाणाऱ्या गाडीवाटेच्या तोंडाशी कुणीतरी बाभळीचं काटेरी झुडूप आणून आडवं टाकलं. कुणी टाकलं हे अजून कुणी सांगितलेलं नाही. वस्तीतले म्हणत तुम्ही टाकलं, आमचे म्हणत त्यांनी टाकलं. बाया कडेनं पाऊलवाटेनं ये-जा करायच्या. गाडी मात्र त्या वाटेनं पुन्हा गेली नाही. आणि पारावर नावाचा विषय निघाला की आबांचं एकच पालुपद असायचं: "नावानं काय पोट भरतंय? नाव सोनूबाई आन हाती कथलाचा वाळा."

तर ओट्यावरून आबा म्हणाले, "हां. ट्रॅक्टर नेणार. हिची मान गेली."

"बरं झालं. वैनीचा जीव सुटला." गोदामायनं चुंबळ या हातातून त्या हातात घेतली. "मग पाचव्या कवळीचं काय?"

आबांनी चूळ भरली. "दोन भारे टाकतो तुज्याकडं. शांता आलीय ना."

"द्यायचं नगं आबा. मागून आनलेल्या जळनावर माज्या लेकीचं पानी तापवायचं न्हाई मला. रीतीनं पायजे."

मी आत दारामागं उभी होते. आई चुलीपुढं. आबांना दिलेलं नाकारलेलं आवडत नसे. पण रीत म्हटलं की त्यांच्यातला गावकरी जागा व्हायचा. "बरं," ते म्हणाले, "रीतीनं. चार कवळा माज्या, पाचवी तुजी. झालं समाधान? माजा शब्द हाय."

"वैनी, ऐकलं का?" गोदामायनं आत बघून विचारलं.

"ऐकलं," आई म्हणाली.

मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आबांनाही नव्हतं, की उचलायला बायाच नसतील तर कवळ मोजणार कशी. गोदामायला कळलं होतं का? देव जाणे. ती चुंबळ खांद्यावर टाकून गेली. शांताच्या पाण्याचा प्रश्न त्या शब्दाच्या टोकाला लोंबकळत राहिला.

ते दाताळं आलं तो दिवस मला लख्ख आठवतो, जरी त्या दिवशी मी बराच वेळ झोपले होते. ट्रॅक्टर पांडूदादा चालवायचा, माझा चुलतभाऊ. गावातला पहिला डायव्हर म्हणून मान ताठ. नूर मिस्तरी स्वतः बघायला आला होता. धावेचे तुकडे ओळीनं बसवलेले, चाकाची गोलाई त्यांच्यात तशीच राहिलेली, टोकं खाली वळलेली. ऊन पडलं की दात चमकायचे. बाया लांब उभ्या राहिल्या. एकीनं पदर तोंडाला लावून म्हटलं, "माय, राकीस हसायलाय."

पांडूदादानं ट्रॅक्टर उलटा घेतला, दाताळं ढिगात टेकवलं आणि ओढला. पऱ्हाट्या दातांत अडकल्या, थोड्या आल्या, बाकीच्या मोडल्या. सोबत मातीची ढेकळं, धसकटं, कुणाची तरी हरवलेली चप्पल. लिफ्ट उचलली की सगळं घसरून खाली. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. शेतभर नुसता विंचरल्यासारखा भांग पडला. आबांचं तोंड उतरत गेलं आणि आवाज चढत गेला. नूर मिस्तरीवर घसरले, "हे काय केलंस? उचलंना की कायीच!"

नूर मिस्तरी शांत. "आबा, तुम दाताळं बोले, मैं दाताळं बनाया. दाताळं खींचता, उठाता नईं."

खरंच होतं. दाताळं ओढतं. त्याचा धर्मच तो. ज्याला जे नाव दिलं तसं ते घडलं, आता रागावून काय उपयोग. वाऱ्यानं पऱ्हाट्या खुळखुळल्या. मला वाटलं, आता आबा ते सगळं ओढ्यात नेऊन टाकतात.

तेवढ्यात गोदामाय पुढं आली. "दातानं कुनी वझं उचलतंय का, आबा?" असं म्हणून ती ढिगापाशी वाकली. दोन्ही हात ढिगाच्या खालून सारले, तळवे आभाळाकडं, बोटं वर वळलेली, आणि छातीशी धरून सरळ उभी राहिली. तिच्या हातांत रानाचा एक तुकडा होता. "आसं. कवळ घाला की."

आईनं मान वळवली, जेवढी वळत होती तेवढी, आणि हसली. "दात उलटे करा म्हनती ती."

नूर मिस्तरीला त्याच क्षणी कळलं. आबांना थोडं नंतर. टोकं खाली होती ती वर करायची, एवढंच. राक्षसाचा जबडा उताणा केला की त्याचे हात होतात. दाताळं परत बोरीला गेलं, आणि आलं ते कवळ होऊन आलं. पांडूदादा उलटा ढिगात शिरला, लोखंडाची बोटं खालून सरकली, लिफ्ट वर आली, आणि आमच्या घराच्या न्हाणीएवढा ढीग अलगद जमिनीवरून सुटला. एक काडी पडली नाही. बायांच्या तोंडून 'माय' निघालं. गावानं त्याच दिवशी नाव ठेवून टाकलं: आबाची कवळ. दाताळं हा शब्द कुणी पुन्हा काढला नाही. आबाही म्हणायला लागले, "पांड्या, कवळ जोड. पांड्या, कवळीला तेल दे." मला गंमत वाटायची. त्या अर्ध्या झोपेत मी पोटातल्या लेकराला सांगायचे, बघ, तुझ्या आजोबाला हात फुटले.

उरलेल्या पऱ्हाट्या कवळीनं वाहायचा दिवस उजाडला. सकाळपासून ट्रॅक्टर रानातून अंगणात आणि अंगणातून रानात. एक कवळ गेली, पांडूदादा सांगत आला की अंगणाचा कोपरा भरला. दुसरी गेली, तिसरी गेली. मी कडुनिंबाखाली, आई माझ्याशेजारी, आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवसांत डोक्यावर काही नसलेली. तिला करमत नव्हतं. हात मांडीवर ठेवायची, उचलायची. म्हणाली, "लय हलकं वाटायलंय गं. जनू मी हितं न्हाईच." मला वाटलं ती आनंदानं म्हणतेय. मग बघितलं तर ती वाटेकडं बघत होती. त्या वाटेनं ती आणि गोदामाय ओझं घेऊन किती वर्षं चालल्या असतील. ओझ्याखाली तोंड दिसत नाही, त्यामुळं काहीही बोलता येतं. सासूचं, नवऱ्याचं, मेलेल्या लेकरांचं. आईची मान सुटली आणि ती वाटही सुटली. एक मिळतं तेव्हा एक जातं, हे मी त्या दिवशी आईच्या रिकाम्या हातांत पाहिलं.

चौथी कवळ गेली. पाचवी घेऊन ट्रॅक्टर निघाला, आबा पुढं चालत होते. गावाकडं आणि वस्तीकडं वाट फुटते तिथं, त्या आडव्या बाभळीच्या काट्यापाशी, गोदामाय उभी होती. रस्त्याच्या मधोमध. कडुनिंबापासून ती जागा हाकेच्या अंतरावर, सगळं ऐकू येत होतं.

"पाचवी," ती म्हणाली.

आबांना आधी कळलंच नाही. "काय?"

"चार गेल्या. ही पाचवी. माजी."

पांडूदादानं ट्रॅक्टर थांबवला. आबा हसले, पण ते हसू निम्म्यात थांबलं. "यडी का काय तू? ही लोखंडाची हाय. अख्ख्या गल्लीच्या बायांचं वझं हाय ह्यात. तुजी कवळ हातातली."

"हिचं नाव काय, आबा?"

आबांनी मान वळवून ट्रॅक्टरकडं बघितलं.

"पांडू, तू काय म्हनतूस हिला?"

पांडूदादा एकदा आबांकडं, एकदा गोदामायकडं बघून पुटपुटला, "कवळ."

"गाव काय म्हनतंय? कवळ. तुमी काय म्हनता? कवळ. शब्द काय दिला हुता? चार कवळा माज्या, पाचवी तुजी." ती ओरडत नव्हती. बाजारात भाजी घेतल्यासारखं बोलत होती. पण तिच्या हातातली चुंबळ पिळून पिळून दोरीएवढी झाली होती. त्या चुंबळीत तिच्या लेकीचं ऊन पाणी होतं, हे मला तिथूनही दिसत होतं.

"नावानं काय हुतंय गं?" आबा चिडून म्हणाले. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं ते.

"तेच तर आमी म्हनायलोत, आबा. इतकी वर्सं." गोदामाय म्हणाली. "नावानं चूल पेटती."

ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं धडधडत होतं. माझ्या शेजारून आई उठली. ती कधी आबांच्या बोलण्यात पडायची नाही, चारचौघांत तर नाहीच. चालत वाटेवर गेली, आबांच्या जवळ उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "मी ऐकला हुता शब्द."

आबांनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. राग आला की ते तसं करायचे. आणि लाज वाटली की पण तसंच करायचे. त्या दिवशी काय होतं, ते त्यांचं त्यांना माहीत. मग पांडूदादाकडं न बघता म्हणाले, "वळव."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? वस्तीत."

वाटेवर काटा आडवा होता. एवढ्या वर्षांत त्यावर वेल चढलेले, खाली मुंग्यांचं वारूळ झालेलं. आबा तावातावानं पुढं झाले आणि हातानंच ओढायला गेले. काटा रुतला, हात झटकला. "थांबा," गोदामाय म्हणाली, "काट्याला कुनी हातानं धरतंय का." कडेला एक दुबेळकं पडलेलं होतं, दोन फाट्यांची काठी. तिनं ते काट्याच्या पोटात खुपसलं, आबांनी काठीला मागून जोर दिला, आणि तो काटा बाजूला ओढ्याच्या उतारावर गडगडत गेला. आमच्या घरचं चाक त्या वाटेवर त्या सालानंतर पहिल्यांदाच फिरलं. आबा पुढं चालत गेले. मी बाजेवर उभी राहून बघत होते, आई ओरडली, "बस खाली!"

पुढं त्या मोसमात प्रत्येक पाचवी कवळ वस्तीत गेली. आबांनी पुन्हा एकदाही कुरकुर केली नाही. ती एकट्या शांताच्या घरी राहिली नाही. गोदामायनं साऱ्या वस्तीच्या चुलींना वाटून दिली. मला मुलगी झाली. गोदामायचा अंदाज साफ चुकला. शांताला मुलगा झाला. सकाळी न्हाणीत माझं पाणी तापायचं तेव्हा धुराच्या उंच काड्या गावाच्या या टोकाला आणि ओढ्यापलीकडं त्या टोकाला एकाच वेळी उभ्या राहायच्या. वर जाऊन त्या कुठं मिळायच्या ते खाटेवरून दिसत नसे, पण मला वाटायचं, मिळत असणार.

आता तसं काही नाही. आता पऱ्हाटीचा रानातच भुगा करणारं यंत्र आलंय, चुली गेल्या, गॅस आले. मागच्या वर्षी गावी गेले तेव्हा ती कवळ गोठ्यामागं पडली होती, गंजलेली, बोटं वर करून. तिच्यात कोंबडीनं अंडी घातली होती. भाच्यानं विचारलं, "आत्या, हे भंगारात देऊ का? दाताळं आहे ना ते?" मी एवढ्या जोरात "नाही" म्हणाले की कोंबडी उठून पळाली.

त्या फाल्गुनानंतर बरीच वर्षं गेली. एका संक्रांतीला मी लेकीला घेऊन माहेरी होते. सकाळच्या बातम्यांत रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाचं नाव बदललं. ओढ्यापलीकडं हलगी वाजायला लागली. आबा आता थकले होते, उन्हात घोंगडीवर बसलेले. त्यांनी बातमी पूर्ण ऐकली, रेडिओ बंद केला. थोड्या वेळानं मला म्हणाले, "शकू, गोदाकडं तिळगूळ दिऊन ये. म्हनावं, पेटली चूल."

मी लेकीचा हात धरून गेले. वाटेवर काटा नव्हता, ट्रॅक्टरच्या चाकांनी तिथं चांगली गाडीवाट पडली होती. गोदामाय चुलीपुढं बसली होती, आधणाखाली पऱ्हाट्या सारत. सारी वस्ती नाचत होती आणि ही पाणी तापवत होती. मी निरोप सांगितला. ती हसली नाही. फुंकणीनं एकदा फुंकलं, जाळ वर आला, मग म्हणाली, "आबाला सांग, आत्ता कुटं काडी लागलीय. पेटायची हाय अजून."

उठून तिनं डब्यातून तिळाचे दोन लाडू काढले. एक माझ्या लेकीच्या हातात दिला. दुसरा माझ्या हातावर ठेवला. "हा आबाला."

मी तो लाडू घेऊन घरी आले, ओंजळीत, जणू उतू जाईल. आबांनी जन्मात त्या घरचं काही खाल्लेलं नव्हतं. तिला हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दारात उभ्या असलेल्या आईलाही. मी निरोप सांगितला, शब्द न शब्द. मग लाडू पुढं धरला. आबांनी तो घेतला, तळहातावर ठेवून बघत बसले. ओढ्यापलीकडची हलगी वाजतच होती. मग त्यांनी रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला, आणि लाडू तोंडात टाकला. दात पडलेले, बराच वेळ चघळत राहिले.

"कडक झालाय," आबा म्हणाले, आणि नातीच्या हातातल्या लाडवासाठी हात पुढं केला.